ट्रॅकिंग: माग, मागोवा की पाठलाग?

प्रश्न असा आहे: 'दूरदूर बसवलेल्या अनेक अँटेनांच्या रडारने हलत्या लक्षाचं ट्रॅकिंग' या मथळ्यात ट्रॅकिंगसाठी 'मागोवा' लिहावं की 'पाठलाग'? आणि अशा रडारला 'वितरित रडार' म्हणणं बरोबर का?

पाठलाग करणाऱ्याला पळावं लागतं. इथले अँटेना जागच्या जागी उभे, तेव्हा तो बाद. 'मागोवा' जवळचा होता, पण 'शतकाचा मागोवा' वगैरे वाचून वाचून तो आता घडून गेलेल्याकडेच तोंड करून बसतो.

उरतो 'माग'. संस्कृत 'मार्ग', प्राकृत 'मग्ग' असा आलेला. (हातमागातला माग वेगळा.) पण 'माग काढणे' म्हणजे उमटलेल्या खुणांवरून मागाहून शोध घेणे. रडारला मिळतात त्या परतलेल्या लहरी, त्याही तुटक. एका नोंदीवरून पुढची कुठे येईल याचा अंदाज बांधायचा, आणि ती आली की अंदाज दुरुस्त करायचा. अभियंते रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडलेली पद्धत नेमकं हेच करते. हे सातत्य 'मागावर असणे' यात आहे, म्हणून माझं मत त्याला. नामच हवं असेल तर खुशाल ट्रॅकिंग लिहा.

'वितरित' मला खटकतो; वाटप झाल्यासारखं वाटतं. 'विखुरलेले' म्हटलं की सांडलेले दाणे आठवतात, आणि इथे तर कमालीची शिस्त लागते: अँटेनांच्या घड्याळांत १ नॅनोसेकंदाची (सेकंदाच्या अब्जाव्या भागाची) चूक म्हणजे लहरीच्या वाटेत सुमारे ३० सेंटिमीटरची चूक. मी 'पांगलेले' म्हणेन. क्षेत्ररक्षक मैदानभर पांगलेले असतात, तरी प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

पांगण्याचा फायदाही तसाच. डॉपलर परिणामातून, म्हणजे लक्ष्याच्या हालचालीने परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकातून, एकट्या रडारला लक्ष्य जवळ येण्याचा किंवा लांब जाण्याचा वेगच कळतो. लक्ष्य आडवं चाललं असेल तर तो शून्य दिसतो. दुसरीकडे बसलेल्या अँटेनाला तीच चाल आडवी नसते. लहरी सोडणारे ४ प्रक्षेपक आणि त्या पकडणारे ५ ग्राहक असले, तर लहरींच्या २० वाटा मिळतात. सपाटीवर पाहिलं तर प्रत्येक वाटेचा वेळ एक लंबवर्तुळ देतो, प्रक्षेपक आणि ग्राहक त्याच्या नाभींवर. अशी अनेक लंबवर्तुळं जिथे एकत्र छेदतात, तिथे लक्ष्य. 'लक्ष' नव्हे, 'लक्ष्य'. तुमच्या मथळ्यात 'य' गळलाय.

तो असा करता येईल: 'पांगलेल्या अँटेनांचं रडार हलत्या लक्ष्याच्या मागावर'.