सहा माणसांचं घर आणि नवा फ्रिज: आधी जिना मोजा, मग लिटर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात ६ माणसं, त्यात सासू-सासरे आणि शाळेत जाणारी २ मुलं. १९० लिटरचा एका दाराचा फ्रिज १५ वर्षांचा झालाय आणि आता त्यात दूध संध्याकाळपर्यंत टिकत नाही. यजमानांना ऑफरमधला ६०० लिटरचा साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी दोन उभी दारं असलेला, आवडलाय. सासूबाई म्हणतात, पुन्हा एका दाराचाच घ्या, वीज कमी खातो. सध्या तुम्ही बडोद्यात दांडिया बाजारात जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर राहता आणि दिवाळीनंतर समा भागात तळमजल्यावर जाणार आहात.

माझं मत आधी सांगते. ३०० लिटरच्या आसपासचा, दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री (आपोआप बर्फ वितळवणारा), ३ स्टारचा साधा फ्रिज घ्या. दार पत्र्याचं चालेल, दारावर डिस्प्ले-बिस्प्ले नको. आता कारणं.

पहिलं म्हणजे तुमचा जिना. साइड-बाय-साइड साधारण ९० सेंटीमीटर रुंद असतो आणि वजनाला १०० किलोच्या आसपास. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या घरांचे जिने मी पाहिलेत. सरळ जिन्यातून कसाबसा चढेल, पण वळणावर अडकतो. माझ्या नणंदेकडे असाच फ्रिज दोन तास जिन्यात उभा होता, शेवटी कठडा काढावा लागला. आणि तुम्हाला तो वर्षाच्या आत पुन्हा खाली उतरवायचाय. ३०० लिटरचा दोन दारांचा फ्रिज साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ५०-५५ किलोचा असतो, दोन माणसं नीट नेतात. दुकानात जायच्या आधी तीन मापं घ्या: मुख्य दार, जिन्याचं वळण आणि स्वयंपाकघराचं दार. दाराचं माप चौकटीच्या आतून घ्या, उघडं दार किती जागा खातं तेही धरा.

साइड-बाय-साइडबद्दल अजून एक गोष्ट, जी शोरूममध्ये लक्षात येत नाही. तो उभा चिरलेला असतो, म्हणून फ्रिजची बाजू काय आणि फ्रीझरची काय, दोन्ही अरुंद. आपल्याकडे कढीचं पातेलं, श्रीखंडाचा डबा, भिजवलेल्या साबुदाण्याची परात आत जाते. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्याचं तोंड टेपने मोजून न्या आणि शोरूममधल्या फळीवर ते माप ठेवून बघा. ६०० लिटर असूनही परात बसत नसेल तर त्या लिटरांचं काय करायचं?

आता फ्रीझर. माझ्या मते तुमची निवड इथेच ठरते. बडोद्यातल्या आपल्या घरांत फ्रीझर बर्फाच्या ट्रेपुरता नसतो. डिसेंबर-जानेवारीत मटार आणि ओल्या तुरीचे दाणे, इथे ज्यांना लीलवा म्हणतात, सोलून वर्षभरासाठी भरले जातात. मे महिन्यात केसर आणि हापूसचा रस डब्यांत जातो, खवलेला नारळ तर कायमच असतो. हे सगळं नीट टिकायचं तर फ्रीझर उणे १८ अंशांवर राहायला हवा. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा खण त्याच दाराच्या आत असतो. मुलांनी पाण्याच्या बाटलीसाठी दार उघडलं की तिथली थंडीही जाते. म्हणून त्यात आइस्क्रीम मऊ राहतं आणि आमरस दोन-तीन महिन्यांत चवीला उतरतो. वेगळं दार असलेला फ्रीझर दिवसातून दोन-चारदाच उघडतो. तुम्ही दाणे आणि रस भरून ठेवत असाल तर सासूबाईंना हे एवढंच सांगा, त्यांना पटेल. भरत नसाल तर त्यांचं म्हणणं चुकीचं नाही: एका दाराचा फ्रिज खरंच कमी वीज खातो, त्यात पंखा नाही, बर्फ वितळवणारा हीटर नाही, बिघडायला फार काही नाही.

पण ६ माणसांच्या घरात एका दाराच्या फ्रिजला आपला पावसाळा जड जातो. दार उघडलं की दमट हवा आत शिरते, तिच्यातलं पाणी बर्फाच्या खणावर गोठतं. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभरात बोटभर थर चढतो. तो थर थंडी अडवतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. मग कुणीतरी घाईने चमच्याच्या टोकाने बर्फ खरवडतं, पत्र्याला भोक पडतं आणि गॅस निघून जातो. आमच्या पहिल्या फ्रिजचा शेवट असाच झाला, चमचा माझ्याच हातात होता. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये थंडावा देणारी नळी मागच्या पडद्याआड असते. पंखा थंड हवा फिरवतो आणि हीटर ठरावीक वेळाने नळीवरचा बर्फ वितळवतो. त्याचा तोटा असा की फिरत्या हवेने उघडी भाजी सुकते. मेथी, कोथिंबीर कापडी पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवली की प्रश्न मिटतो. आणि मागची हवेची भोकं डब्यांनी बंद करू नका. निम्म्या घरांत "फ्रिज थंड होत नाही" या तक्रारीमागे तेवढंच कारण असतं.

लिटरचा आकडा दोन तऱ्हेने सांगतात, एकूण आणि प्रत्यक्ष साठवणीचा. दुसरा वाचा. त्यातले फ्रीझरला किती जातात तेही विचारा, कारण त्याच आकाराच्या दोन मॉडेलमध्ये ही वाटणी वेगळी असते.

सासूबाईंच्या गुडघ्यांचंही लिहिलं होतंत. फ्रीझर वर असला की भाजीचा ट्रे पार खाली जातो आणि दिवसातून सगळ्यात जास्त वेळा तोच उघडतो. फ्रीझर खाली असलेली मॉडेल येतात, पण तेवढ्याच लिटरला पैसे जास्त पडतात. रोजचा स्वयंपाक सासूबाई करत असतील तर तो फरक जरूर द्या. तुम्ही करत असाल तर भाजी मधल्या फळीवर डब्यात ठेवून भागतं.

स्टारबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बरीच फसगत होते. स्टारचे निकष मधून मधून कडक होतात, जसे १ जानेवारी २०२३ पासून झाले. त्यामुळे गोदामात पडलेल्या जुन्या मालाचे ४ स्टार आणि नव्या मालाचे ३ स्टार यांची थेट तुलना होत नाही. लेबल कोणत्या काळासाठी आहे ते बघा आणि स्टार सोडून वर्षाला किती युनिट हा आकडा वाचा. समजा दोन फ्रिजमध्ये वर्षाला ६० युनिटचा फरक आहे आणि तुमच्या एमजीव्हीसीएलच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलात सगळे आकार धरून युनिट ८ रुपयांना पडतं. वर्षाला ४८० रुपये वाचले, १० वर्षांत ४,८००. जास्त स्टारच्या मॉडेलची किंमत याहून जास्त असेल तर नुसत्या बचतीसाठी ते घेऊ नका. हा हिशेब दुकानातच मोबाइलवर करा.

आतल्या पट्टीवर क्लायमेट क्लास, म्हणजे बाहेर किती उष्णता असेपर्यंत फ्रिज नीट चालतो, तेही छापलेलं असतं. 'एन' म्हणजे बाहेरच्या ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८, 'टी' ४३. बडोद्याचा मे लक्षात ठेवून 'टी' असलेलाच घ्या. विचारल्यावर विक्रेता गोंधळला तर स्वतः दार उघडून पट्टी वाचा.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर चांगला, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, आवाज कमी. पण "१० वर्षांची वॉरंटी" ऐकून निर्धास्त होऊ नका. ती बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर या वस्तूची असते. गॅस, मजुरी आणि सर्किट बोर्ड त्यात नसतात. फ्रिजची पूर्ण वॉरंटी साधारण १ वर्षाची. आमच्याकडे एका जूनमध्ये वीज गेली, परत आली तेव्हा दाब इतका चढला की बोर्ड जळला. फ्रिज चौथ्या वर्षात होता. कंपनीच्या माणसाने कॉम्प्रेसर उत्तम असल्याचं सांगितलं आणि बोर्डाचे ४ हजारांवर रुपये घेतले. तेव्हापासून माझा स्टॅबिलायझर कायम लावलेला आहे. "स्टॅबिलायझर लागत नाही" म्हणतात तेव्हा किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत ते माहितीपत्रकात बघा. तुमच्या जुन्या घरात अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून तपासून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज लावू नका.

आता समाच्या घराबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगते. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी आलं तेव्हा आम्ही बडोद्यातच अकोट्याला तळमजल्यावर होतो. रात्री पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, आम्ही कागदपत्रं आणि देव घेऊन वर शेजाऱ्यांकडे गेलो. सकाळी जिन्यातून पाहिलं तर फ्रिज स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आला होता, आडवा. फ्रिज तरंगतो हे तोवर मला माहीत नव्हतं. आत लीलव्याचे डबे होते, सासूबाईंच्या हातचं लिंबाचं लोणचं होतं. पाणी ओसरल्यावर मेकॅनिकने आठवडाभर सुकवून, तपासून तो सुरूही केला. पण भिंतीतल्या फोममध्ये गढूळ पाणी शिरलेलं, वास गेला नाही आणि थंडावाही धरेना. दोन महिन्यांनी काढून टाकला.

म्हणून नव्या घरी जाण्याआधी शेजाऱ्यांना विचारा, २०२४ ला पाणी भिंतीवर कुठपर्यंत होतं. घोट्यापर्यंत असेल तर विटांचा आणि कडाप्प्याचा फूटभर ओटा बांधून फ्रिज त्यावर ठेवा. त्याहून उंच ओटा नको, ३०० लिटरचा फ्रिजच साधारण साडेपाच फूट असतो, मग फ्रीझरला हात पोचणार नाही. पाणी कमरेपर्यंत आलं असेल तर ओट्याने काही साधत नाही. तिथे उपयोगी पडतं ते फ्रिजचं हलकेपण: रिकामा केलेला ५० किलोचा फ्रिज दोघं-तिघं धरून जिन्याने वर नेतात, १०० किलोचा कुणी नेत नाही. इशारा आला की आधी मेन स्विच बंद करून प्लग काढा. पाणी शिरलेला फ्रिज मेकॅनिकने तपासल्याशिवाय कधीही लावून बघू नका. खरेदीच्या बिलाचा आणि मागच्या पट्टीवरच्या सिरियल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. घराचा विमा असेल तर घरातल्या वस्तू त्यात धरल्यात का ते आजच विचारा.

जागेचं थोडक्यात. हल्ली गरम नळ्या बाजूच्या भिंतींत असतात, त्यामुळे बाजू हाताला गरम लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण म्हणूनच दोन्ही बाजूंना चार बोटं तरी जागा सोडा, मागेही सोडा, आणि फ्रिज गॅसच्या शेगडीजवळ किंवा पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो. तो जळणारा आहे, प्रमाण फार थोडं असतं. दुरुस्तीला मात्र त्याची माहिती असलेलाच माणूस बोलवा.

काचेचं दार, रंग, मोबाइलला जोडणी यांवर मी एक रुपयाही जास्त देणार नाही. टफन्ड काचेच्या फळ्या मात्र हव्यातच, जड पातेलं ठेवता येतं. फ्रीझरचा फ्रिज करता येणारी कन्व्हर्टिबल सोय गणपतीत आणि लग्नघरी उपयोगाची, पण त्यासाठी भरलेला फ्रीझर रिकामा करावा लागतो, तुमच्याकडे ते वर्षातून किती दिवस जमेल ते बघा.

दुकानदार जीएसटी कमी झाल्याचं सांगत असेल तर ऐकून घ्या, पण २२ सप्टेंबर २०२५ ची ती कपात एसी आणि मोठ्या टीव्हींना लागू झाली. फ्रिजवर जुलै २०१८ पासून १८ टक्केच आहे.

घाई करू नका. जुन्याचं रबर सैल झालंय का ते बघा: दारात कागदाचा तुकडा धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदलून घ्या, कमी खर्चात दोन-तीन महिने निघतील. तेवढ्यात पाण्याचा माठ भरून ठेवा, मुलं दार कमी उघडतील. जुना फ्रिज एक्सचेंजमध्ये द्या. भंगारवाला कॉम्प्रेसर काढताना नळी कापतो आणि गॅस हवेत सोडतो.

तुमच्या जिन्याच्या वळणाचं माप, मोठ्या पातेल्याचं तोंड आणि समाच्या घरात २०२४ ला आलेल्या पाण्याची उंची, एवढं लिहा. दुकानात पसंत केलेल्या मॉडेलांच्या लेबलचे फोटोही टाका, युनिटचा हिशेब मी करून देते.