घंटेपासून सुरुवात कर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. गडकिल्ले पाहून झाले, आता महाराष्ट्रातला ख्रिस्ती वारसा पाहायचाय, कुठून सुरुवात करू, असं विचारलंयस. चर्चपासून नको. देवळापासून कर.

वाईजवळच्या मेणवलीला जा. नाना फडणविसांचा वाडा बघून झाला की लोक कृष्णेच्या घाटावर उतरतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. मेणेश्वराच्या देवळाजवळ एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. ती वाजवायची घाई नको. जवळ जाऊन धातूवरचं उठावाचं काम बघ. बाळ येशूला घेतलेली मारिया दिसेल आणि १७०७ हे सालही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या अशा घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि पुढे देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातही एक आहे, १७२१ ची. मेणवलीच्या घंटेवरची ती प्रतिमा कुणी घासून काढली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मग वसईचा किल्ला. एक दिवस पुरा ठेव आणि पावसाळ्यात जायचं टाळ, गवत इतकं माजतं की पायाखालचं काही दिसत नाही. आणि बघायचं ते नेमकं पायाखालीच आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. दुपारी ऊन डोक्यावर आलं की अक्षरं सपाट दिसतात. सकाळी लवकर पोहोच, तिरप्या उन्हात ती नीट उठून येतात. ह्याच वसईत गोन्सालो गार्सिया जन्मला. १५९७ मध्ये जपानातल्या नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये रोमने संत म्हणून जाहीर केलं. आपल्या किनाऱ्यावरच्या पोराची ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली होती का तुला?

किल्ल्यातून बाहेर पडलास की लगेच गाडी पकडू नकोस. आसपासच्या गावांत सामवेदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती समाजाची कुटुंबं राहतात, त्यांची बोली ऐक. पडक्या भिंतींपेक्षा तिथे जास्त कळेल.

बोरिवलीचं मंडपेश्वर मात्र सोपं जाणार नाही. मुळात ती शैव लेणी. पोर्तुगीज काळात तिथे चर्च झालं, आज पुन्हा शिवाची पूजा चालते. एका भिंतीवर कोरलेला क्रूस अजून आहे. मिशनऱ्यांनी काय मोडलं हे तिथे उघड दिसतं, आणि ते झाकून वारसा सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण तेवढंच दाखवून थांबणाऱ्यांवरही नाही. पुण्यात क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ज्या जागेवर आहे, ती पेशव्यांनीच दिलेली. सवाई माधवरावांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्यासाठी, १७९२ मध्ये. मंडपेश्वर आणि सिटी चर्च शक्यतो एकाच आठवड्यात बघ.

केडगावची पंडिता रमाबाईंची मुक्ती मिशन, म्हणजे त्यांनी निराधार बायकांसाठी काढलेला आश्रम, तीही यादीत घाल. तिथे तट-बुरूज काही नाहीत, म्हणून भटके तिकडे फिरकत नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून एका बाईने अख्खं बायबल मराठीत आणलं आणि आश्रमातल्या बायकांनीच ते छापलं, हे काम मला कुठल्याही बुरुजाइतकं मोठं वाटतं.

चर्च अजून वापरात असेल तर प्रार्थनेच्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेव. थडग्यांवरची अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून खडू किंवा पाणी लावू नकोस, काहीजण लावतात. वहीत उतरवून घे, आणि जमलं तर पुढच्या महिन्यात ती वही घेऊन माझ्याकडे ये.

तुझा,
काका