एनव्हीडीएला दोष देऊ नका, आधी फॉन्ट बघा

चिकोडीच्या ज्या मॅडमनी विचारलंय, ‘वर्गातली अंध मुलगी म्हणते माझ्या नोट्स एनव्हीडीए नीट वाचत नाही, सॉफ्टवेअर बिघडलंय का?’, त्यांना सांगते: एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर, ठणठणीत असणार. नोट्स श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत ना? मीही तिथंच आपटले होते.

बी.ए.च्या नोट्स बेळगावच्या खडेबाजारातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. छापून झकास दिसायच्या. सत्र संपताना खानापूरकडच्या एका विद्यार्थ्यानं ‘मॅडम, जरा ऐका’ म्हणत इअरफोन माझ्या हातात दिला. ई, जे, के, बी, एच... ‘मराठी’ हा शब्द होता तो! कृतीदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर नुसता देवनागरीचा मुखवटा. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलींचंही तेच. पोरगं चार महिने मित्राकडून वाचून घेत होतं आणि मला पत्ता नाही.

कन्व्हर्टर लावून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरं असतात त्या रूपात, आणलं. रफार आणि जोडाक्षरं हातानं दुरुस्त करण्यात दिवाळीची सुट्टी गेली. ते परवडलं. फाइल आमच्या वरच्या कार्यालयात गेली (नाव घेत नाही, माझी बिलं तिथूनच निघतात) आणि त्यांनी काय करावं? प्रिंट काढली, पानोपानी गोल शिक्का मारला, वाकडी स्कॅन केली आणि तीच पोर्टलवर चढवली. झालं, अक्षरांचं नुसतं चित्र, एनव्हीडीएला वाचायला काहीच नाही! ‘शिक्क्याशिवाय अधिकृत कसं होणार?’ २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवला, यूजीसीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवली. ‘अर्ज द्या.’ मराठीत दिला, तर कन्नडमध्ये मागितला. तोही दिला. परीक्षा उलटली, फाइल तीच. शेवटी वर्ड फाइल व्हॉट्सॅपवर पाठवून मोकळी झाले.

म्हणून माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: पीडीएफच्या नादी लागूच नका, युनिकोड वर्ड फाइल द्या. एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून बघा, मराठीच दिसली तर फॉन्टचं निस्तरलं. मथळे नुसते ठळक करू नका, हेडिंग स्टाइल लावा. एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये एच दाबून मुलगी थेट पुढच्या मुद्द्यावर जाईल. मध्ये कन्नड उतारे असतील तर त्यांची भाषा वर्डमध्ये वेगळी नेमा. छापील पुस्तक असेल तर गूगल ड्राइव्हच्या ओसीआरनं (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी सोय) निम्मं काम होतं. दिव्यांगांसाठी असं रूपांतर करायला कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून सूट आहे, तरी बारकावे वकिलाला विचारा. मी मराठीची मास्तरीण, कॉम्प्युटरवाली नव्हे.

फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकून ‘नोट्स पाठवल्या’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज बीपी वाढवायचं नाही.