खाऊ नाकारला की उतरा

प्रश्न : ताई, माझा शेरू अडीच वर्षांचा, वजन १८ किलो. आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे डॉक्टरांकडे न्यायचं तर मेट्रोच. नियम वाचून, मुसकं बांधून गेल्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा नेलं. दारं बंद झाली आणि तो थरथरायला लागला, लाळ गळायला लागली. मी कुरवाळत राहिले, आवडता खाऊ दिला, पण त्याने हुंगलासुद्धा नाही. आम्हाला सहा स्टेशनं जायचं होतं, कसेबसे गेलो. आता लांबून स्टेशनचा जिना दिसला तरी तो बसकण मारतो. पुन्हा न्यावं का? की झोपेचं औषध देऊन नेऊ?

उत्तर : सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. खाऊ हुंगलासुद्धा नाही. घरी त्याच खाऊसाठी तो तुमच्या पायांत घोटाळत असेल. कुत्रा फार घाबरला की त्याची खाण्यावरची वासना उडते. तो जांभया देतो, ओठ चाटतो, शेपूट पोटाखाली घेतो, केसही भराभर गळतात. पण हे सगळं टिपायला नजर तयार व्हावी लागते. खाऊची परीक्षा मात्र पहिल्या दिवसापासून कुणालाही घेता येते. घेतला तर पुढे जा. नाही घेतला तर येईल त्या स्टेशनवर उतरा, मग डॉक्टरांची वेळ चुकली तरी चालेल. शेरूने पहिल्याच स्टेशनाआधी ‘नको’ म्हटलं होतं. पुढची पाच स्टेशनं त्याला जन्मभर लक्षात राहतील अशी गेली.

त्याच्या जागी क्षणभर उभ्या राहा. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,०००च्या आसपासपर्यंत. ब्रेक लागताना चाकं जी किंकाळी फोडतात, तिच्यातले आपल्याला न ऐकू येणारे सूरही त्याच्या कानात घुसतात. पायांखालची फरशी हलतेय, नखांना पकड नाही, आणि चहूबाजूंनी अनोळखी गुडघे. कुरवाळलंत ते बरंच केलंत. लाड केले की भीती वाढते म्हणतात, त्यात काही अर्थ नाही.

आता पुन्हा श्रीगणेशा. स्टेशनात शिरायचंच नाही. जिथे तो बसकण मारतो तिथून मागे या, खाऊ घेईल इतकं मागे. दोन-चार मिनिटं तिथे थांबा आणि घरी परत. काही दिवसांनी जिन्याच्या तोंडाशी, मग फलाटावर. गाडी येऊ द्या, जाऊ द्या, चढू नका. (लोक बघतात. बघू द्या.) मग गर्दी नसताना एकच स्टेशन. माझ्या बंड्याला फलाटापासून डब्यापर्यंतची चार पावलं टाकायला सात आठवडे लागले होते, आणि मी लोकांची कुत्री शिकवून पोट भरते!

औषधाचं डॉक्टरांना विचारा, मनाने काही देऊ नका. आपली झोपेची गोळी तर नाहीच नाही. काही औषधांनी कुत्रा नुसता लोळागोळा होतो, भीती आत तशीच राहते. भीती कमी करणारी औषधं वेगळी असतात, म्हणून ‘गुंगी नको, भीती कमी व्हायला हवी’ असं स्पष्ट सांगा.

मुसकं जाळीचंच घ्या, आत तोंड उघडता येईल एवढं ऐसपैस. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांपुरता. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. कापडी मुसक्याने तोंड आवळलं की तो मार्गच बंद.

नियम शहरागणिक बदलतात. व्हिएन्नात दोरी आणि मुसकं दोन्ही लागतं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्राणी पिशवीत किंवा पेटीत असावा लागतो, म्हणून लोक धिप्पाड कुत्री झोळीत घालून खांद्याला अडकवतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यावर कुत्र्याला उचलून घ्यावं लागतं. हा मला नसता सोपस्कार वाटायचा. एकदा बंड्याचं २२ किलोंचं धूड उचलायचा कंटाळा केला आणि त्याला तसाच सरकत्या जिन्यावर उभा केला. शेवटी पायऱ्या जिथे पोलादी दातांखाली जातात, तिथे त्याने पाय उचलायला जरा उशीर केला. तो केकाटलाही नाही. वीसेक पावलं गेल्यावर मी मागे वळून पाहिलं तर फरशीवर लाल ठिपके, आमच्यामागोमाग एका ओळीत. पुढच्या उजव्या पायाचं एक नख मुळापासून गेलं होतं. तेव्हापासून साधा जिना किंवा लिफ्ट.

आणि कुणी बोजीचं उदाहरण दिलं तर मनावर घेऊ नका. इस्तंबूलचा हा भटका कुत्रा २०२१मध्ये जगभर गाजला. मेट्रो, ट्राम, फेरीबोट, सगळीकडे एकटा फिरायचा, कुठे जातो ते कळावं म्हणून पालिकेने त्याला यंत्रही लावलं होतं. पण बोजी स्वतःच्या मर्जीने चढायचा आणि कंटाळला की उतरायचा. शेरूच्या गळ्यातली दोरी तुमच्या हातात आहे.

प्रश्न : मला कुत्र्यांची भयंकर भीती वाटते. डब्यात कुत्रा आला की मी खांबाला चिकटते. मालक हसून म्हणतात, ‘काही करत नाही तो.’ यावर काय बोलावं?

उत्तर : हे वाक्य मीही पूर्वी ऐकवत असे, त्याची आज लाज वाटते. तुम्ही भीतीबद्दल सांगता आणि उत्तर कुत्र्याच्या स्वभावाबद्दल मिळतं! वाद घालू नका. ‘मला भीती वाटते, दोरी आखूड धरा आणि त्याला भिंतीकडे घ्या,’ एवढंच म्हणा. जाणता मालक न सांगताही कुत्र्याला कोपऱ्यात ठेवतो आणि स्वतः मध्ये उभा राहतो. तोवर कुत्र्याकडे रोखून पाहू नका, अंग जरा तिरकं ठेवा, हात वर उचलू नका. मालकाने ऐकलंच नाही, तर डबा बदला.