न्हाणीघरातील जुन्या कपाटांना पुन्हा रंग देताना

प्रश्न : आमचे घर बार्देशात, समुद्रापासून जवळ आहे. न्हाणीघरात भिंतीवर सासऱ्यांच्या काळातील फणसाच्या लाकडाचे कपाट आहे आणि बेसिनखाली दहा वर्षांपूर्वी विकत आणलेले पार्टिकल बोर्डाचे. गेल्या जुलैमध्ये रंगाऱ्याकडून दोन्हींना ऑइल पेंट लावून घेतला, परंतु चवथीपर्यंतच त्याचे पापुद्रे निघू लागले. नवी कपाटे घेणे सध्या परवडणारे नाही. काय करावे?
– एक वाचक भगिनी, म्हापसा परिसर

उत्तर : आपल्या कपाटांचा रंग गेला तो बहुधा रंगाच्या दोषाने नव्हे, तर महिन्याच्या दोषाने. जुलैत गोव्यातील लाकूड हवेतील ओल पिऊन फुगलेले असते. त्यावर ऑइल पेंटचा थर दिला की आतली ओल बाहेर पडताना तोच थर उचलून धरते. म्हणून पाऊस पूर्ण ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंतच हे काम काढावे. पावसाळ्यात दार अडकते म्हणून त्याच वेळी रंधा मारून घेऊ नये, कारण मार्चमध्ये लाकूड आकसले की तेथे कायमची फट राहते.

फणसाचे कपाट अवश्य वाचवावे. दारे, मुठी आणि बिजागऱ्या काढून ते भिंतीवरून उतरवावे व आठ-दहा दिवस सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावे. साबण, शाम्पू आणि खोबरेल तेलाचा चिकट थर डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा पायाचा थर, धरत नाही. तो धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून काढावा आणि नंतर स्वच्छ पाण्याचे फडके फिरवून लाकूड वाळू द्यावे. बुरशीसाठी ब्लीच वापरणार असाल, तर न्हाणीघरातील ॲसिडयुक्त क्लीनर त्यात चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

एक गोष्ट मला विशेष काळजीने सांगावीशी वाटते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. सासऱ्यांच्या काळातील थरांत शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून ते कोरडे घासू नयेत. पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर वापरावा, काम घराबाहेर करावे, तोंडाला मास्क लावावा आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना तेथून दूर ठेवावे. खाली पसरलेला कागद गाळासकट गुंडाळून उचलावा.

सैल पापुद्रे निघाल्यावर लाकूड पुन्हा पूर्ण वाळू द्यावे, 120 नंबरच्या पेपरने उघड्या लाकडाचा खडबडीतपणा काढावा, मग वुड प्रायमरचा एक हात द्यावा. खाचांत लांबी (म्हणजे पुट्टी) पातळ थरांनी भरावी; एकाच वेळी जाड भरलेली लांबी तडकते. ती वाळल्यावर 220 नंबरने घासून प्रायमरचा दुसरा हात द्यावा. फळ्यांचे कापलेले टोक, दाराची खालची कड आणि कपाटाची भिंतीकडील पाठ येथूनच पाणी शिरते, आणि रंगारी नेमके हेच भाग सोडतात. दर्शनी बाजूला एक हात कमी दिला तरी चालेल, पण या कडांना मात्र दोन्ही हात मिळालेच पाहिजेत. त्यानंतर ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस सोडून द्यावेत. हिवाळ्यात पहाटे दंव पडते, म्हणून ऊन चढल्यावर सुरुवात करून दुपारपर्यंत आटोपावे. एवढ्या कपाटाला एक लिटरचा डबा पुरून उरतो. बोटाला रंग लागेनासा झाला म्हणजे तो कडक झाला असे नव्हे. दारे आठवडाभर थांबूनच बसवावीत. टर्पेंटाइन आणि रंगाने भिजलेली फडकी बोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेटू शकतात. ती पसरून बाहेर वाळवावीत.

वाचलेले पैसे बिजागऱ्यांवर आणि स्क्रूंवर खर्च करा. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचा गंज रंगाखालून ओघळतो. 316 दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे.

बेसिनखालच्या कपाटाचे मात्र तसे नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि गोंद. एकदा फुगला की वाळूनही पूर्वीच्या आकारात येत नाही. तळ फुगला असल्यास त्यावर रंगाचा पैसाही घालू नये. आधी बेसिनच्या पाइपाची गळती थांबवावी, मग सुताराकडून तेवढाच तळ मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा) करून घ्यावा आणि चांगल्या राहिलेल्या बाजू तशाच वापराव्यात.

प्रश्न : सनमायका लावलेल्या दारांवर रंग बसतो का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बसतो, पण साध्या वुड प्रायमरवर नव्हे. चकाकी पूर्ण जाईपर्यंत 220 नंबरने घासून, गुळगुळीत पृष्ठभागासाठी मिळणारा चिकट पकडीचा प्रायमर लावावा. सनमायका कडेने सुटला असेल, तर तो आधी चिकटवून घ्यावा.