फिजिओ की ऑक्युपेशनल? पसंतीक्रम भरण्याआधी

प्रिय मुली,

नीटच्या मार्कांवर एमबीबीएस मिळणार नाही, प्रवेशाच्या फॉर्मवर ग्रुप सीमध्ये बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) आणि बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची पदवी) दोन्ही दिसतायत, आणि पहिल्या ओळीत काय लिहायचं ते ठरत नाहीये. घरचे फिजिओ म्हणतायत, कारण ते नाव त्यांच्या ओळखीचं आहे. दुसरं नाव काढलं की "ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर ना?" असं विचारतात. हा घोळ आधी मिटव. ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी हा वेगळाच अभ्यासक्रम आहे. त्यात शस्त्रक्रियागृहाची तयारी, उपकरणं, भूल देताना लागणारी मदत असं शिकवतात. बीओटीएच म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेले उपचार. तिचा थिएटरशी संबंध नाही. नाव अर्धवट वाचून चुकीच्या फॉर्ममागे लागणारी मुलं दरवर्षी असतात.

कागदावर दोन्ही शाखा जुळ्या वाटतात. प्रवेश नीटवरून राज्याच्या सीईटी सेलमार्फत, विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, दोन्हीकडच्या मुलींना सारखाच रडवतो. आजवर दोन्ही अभ्यासक्रम सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचे होते. या व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात वर्षभराची इंटर्नशिप धरून पाच वर्षं होतात. तुझ्या बॅचला काय लागू आहे ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघ, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

फरक कळायला एकच पेशंट धर. पंचावन्न वर्षांची बाई, पक्षाघाताला तीन आठवडे झालेत, उजवा हात-पाय लुळा.

फिजिओ तिच्याकडे हालचाल कुठे अडकली म्हणून बघते. कुशीवर वळता येतं का? कॉटच्या काठावर बसल्यावर तोल कुठे जातो? उठताना सगळं वजन डाव्याच पायावर येतंय का? चालताना पाऊल फरफटतंय ते ताकद नाही म्हणून, की पोटरी ताठरली म्हणून? कारण नीट सापडलं की व्यायाम ठरतो, आणि तो रोज, मोजून, हळूहळू वाढवत करून घ्यायचा.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारते, घरी तुम्ही काय काय करत होतात? बाई म्हणते, भाकऱ्या. मग ती भाकरीचं काम सुटं करून बघते. मळायला दोन्ही हात लागतात. थापायला मनगट मागे वळलेलं आणि बोटं सरळ लागतात. परातीतून तव्यावर टाकताना दोन्ही हात एका वेळी उचलावे लागतात, आणि हे सगळं उभ्याने. शिवाय बोटांना चटका कळतो का? संवेदना गेली असेल तर तव्याशी गाठ धोक्याची, म्हणून ती तपासणी आधी. मग उपाय निघतात: परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं, ओट्यापाशी उंच स्टूल, उजव्या हाताने सध्या फक्त परात दाबून धरायची. आंघोळीचंही तसंच. लिटरभर पाण्याचा तांब्या म्हणजे किलोभर वजन, ते खांद्यापर्यंत न्यायचं. त्याऐवजी छोटा मग आणि बसायला स्टूल. ब्लाउज घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. उलट केलं तर लुळा खांदा ओढला जातो आणि खांदेदुखी मागे लागते.

दोघींची कामं एकमेकींत मिसळतात, हे खरंच. तरी दिवसभरात हाताखाली काय असतं ते वेगळं.

फिजिओच्या वॉर्डात गुडघा बदललेला पेशंट बघ. गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाचा) मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर, एक भुजा मांडीच्या वरच्या टोकाकडे, दुसरी घोट्याकडे. नवखी मुलं गुडघा नव्वद अंश वाकला की खूश होतात आणि तो पूर्ण सरळ होतोय का हे बघायचंच विसरतात. नातेवाईक आरामासाठी गुडघ्याखाली उशी ठेवतात, गुडघा वाकलेलाच आखडतो, आणि पुढे चालताना लंगड राहते. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली हवी, गुडघ्याखाली नको. हे एकाच माणसाला दिवसातून चार वेळा, न वैतागता सांगायचं असतं. याशिवाय आयसीयूतली छातीची फिजिओथेरपी, खेळाडू, पाठ-मानेच्या ओपीडीची रांग. अंगमेहनत भरपूर. ऐंशी किलोच्या माणसाला खुर्चीत हलवताना तंत्र चुकलं की तुझीच कंबर जाते.

ऑक्युपेशनलच्या खोलीत स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी पट्टी, करताना बघ. प्लास्टिकची शीट पासष्ट-सत्तर अंशांच्या पाण्यात मऊ करायची, पुसायची, स्वतःच्या हातावर गरम लागते का बघायची आणि थंड व्हायच्या आत पेशंटच्या मनगटावर बसवायची. मनगट वीस ते तीस अंश मागे. करंगळीच्या बाजूचं मनगटाचं हाड दाबलं गेलं की लाली येते. म्हणून अर्ध्या तासाने काढून बघायचं. वीसेक मिनिटांत लाली गेली नाही तर तिथे पुन्हा गरम करून फुगवटा द्यायचा. पण स्प्लिंट हा छोटा भाग. मोठा भाग मुलांचा: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अक्षर न सुधरणारी, एका जागी न बसणारी मुलं. आणि मानसोपचार विभाग, जिथे पेशंटचा दिवस पुन्हा रुळावर आणणं हेच काम असतं. इथे प्रगती गोनिओमीटरवर दिसत नाही. मुलाने तीन महिन्यांनी शर्टाचं एक बटण लावलं, एवढीच. ते पुरेसं वाटेल का तुला? माझ्या मते खरा निर्णय या उत्तरावर व्हावा, कट-ऑफवर नव्हे.

म्हणून परवानगी काढून दोन्ही विभागांत दोन-दोन सकाळी बसून ये. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात दोन्ही विभाग आहेत. भारी केस बघायला जाऊ नकोस, रोजची कंटाळवाणी ओपीडी बघ. कोणत्या कामात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही ते वहीत लिही.

नोकऱ्यांचं सरळ सांगते. फिजिओच्या जागा जास्त आणि उमेदवारही जास्त. सुरुवातीचा पगार दोन्हीकडे बेताचाच. ऑक्युपेशनलची महाविद्यालयं राज्यात बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे मुंबई-पुण्यात बालविकास केंद्रांना माणसं हवी असतात. पण तालुक्याच्या गावी दवाखाना काढलास तर पहिली काही वर्षं आपण काय करतो हे समजावण्यातच जातील. गंमत म्हणजे शाखा नवी नाही: कमला निंबकरांनी केईएममध्ये तिची शाळा १९५० साली काढली, फिजिओथेरपीची त्यानंतर आली.

परदेशाचा विचार असेल तर ऑक्युपेशनलचं कॉलेज ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या मान्यतेचं आहे का ते आधी विचार. त्या मान्यतेसाठी किमान १००० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. अमेरिकेत दोन्हीकडे नुसती पदवी पुरत नाही. फिजिओला तिथे प्रवेशाची पातळीच डॉक्टरेट आहे, ऑक्युपेशनलला किमान पदव्युत्तर.

आणि ते नावापुढचं "डॉ." मनातून काढ. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी ते लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. इतक्या डळमळीत अक्षरावर साडेचार-पाच वर्षं लावू नयेत.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. सोबत स्वतःचं रुग्णालय आहे का, तिथे खाटा भरलेल्या असतात का, एका पेशंटभोवती किती विद्यार्थी उभे राहतात, हे इंटर्नना विचार. एका कॉटभोवती बारा जणी असतील तर हात शिकत नाहीत.

पसंतीक्रम भरताना शाखा मिसळू नकोस. एक शाखा नक्की झाली की तिची तुला चालणारी सगळी कॉलेजं आधी, मग दुसरीची. मध्येच घराजवळचं म्हणून दुसऱ्या शाखेचं कॉलेज वर घातलंस तर यंत्रणा तेच देईल. तिला तुझं मन कळत नाही. जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत नकोच. जागा मिळाल्यावर पुढच्या फेरीचे नियम वाचूनच सही कर.

चार सकाळी झाल्या की वहीतली पानं आणि यादीचा कच्चा क्रम पाठव. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी हवा, आदल्या रात्री नको. त्या रात्री साइट हमखास रडते.

तुझी,
मावशी