पाचोळा उचलायचा की जिरवायचा?

पानगळ सुरू झाली की मोठी हिरवळ राखणाऱ्यांची पत्रे येऊ लागतात. या वेळच्या सदरात फक्त त्याच विषयाचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : घराभोवती जवळपास एक एकर हिरवळ आहे आणि कडेने मेपल, ओक अशी मोठी झाडे. दर वर्षी दाताळ्याने पाने ओढून पोती भरतो. सहा-सात आठवडे सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यातच जातो. यापेक्षा सोपे काही नाही का?

उत्तर : आहे, आणि त्यात हिरवळीचाही फायदा आहे. पाने गोळा न करता मॉवरने, म्हणजे गवत कापायच्या यंत्राने, जागच्या जागी त्यांचा चुरा करा. अख्खे पान गवतावर आडवे पडले की त्याची ताटली होते. खाली उजेड पोचत नाही, ओल अडकून राहते आणि बुरशीला आयते घर मिळते. त्याच पानाचे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे तुकडे झाले की ते गवताच्या पात्यांमधून खाली उतरतात, मातीला टेकतात आणि तिथेच कुजतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मेपलच्या पानांचा चुरा काही वर्षे लॉनवर पसरून पाहिला गेला. एकरी सुमारे १,८०० किलोपर्यंत चुरा घालूनही गवताचा रंग, रोग, मातीचा सामू (आम्लतेचे माप, पीएच) यांत काही बिघाड आढळला नाही.

काम असे करा. मॉवरची उंची नेहमीपेक्षा एक खाच वर घ्या. थंड हवामानातल्या उंच गवताला ७ ते ८ सेंमी ठीक असते. गवत उंच असले तरच चुऱ्याला खाली लपायला जागा मिळते. पाते धार लावलेले हवे, कारण बोथट पाते पान कापत नाही, नुसते ढकलते. मल्चिंगचे, म्हणजे बारीक चुरा करणारे, पाते मिळाले तर जरूर बसवा. त्याला धारेची लांबी जास्त असते आणि मागचा वळलेला भाग पान पुन्हा वर उडवतो, म्हणून एकच पान डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या झाकणाखाली, अनेकदा कापले जाते. कापलेले बाहेर फेकणारे बाजूचे तोंड झाकण लावून बंद करा. मॉवर नेहमीच्या निम्म्या वेगाने चालवा, पण इंजिन पूर्ण गतीवर ठेवा. पहिला फेरा उभा, दुसरा आडवा.

बाजूचे तोंड बंद करता येत नसेल तर बाहेरच्या कडेने सुरुवात करा आणि पाने आतल्या बाजूला पडतील अशा दिशेने फिरा. प्रत्येक फेऱ्यात आधीचा चुरा पुन्हा पात्याखाली येतो. शेवटी मधोमध चुऱ्याचा उंचवटा तयार होतो. तो दाताळ्याने विस्कटला नाही तर तेवढीच जागा पिवळी पडते.

वेळेचा हिशेब सांगतो. ढकलत न्यायच्या ५३ सेंमीच्या मॉवरची प्रत्यक्ष पट्टी, थोडी कड एकावर एक धरून, ४५ सेंमी पडते. तासाला ३ किमी चाललात तर तासात १,३५० चौरस मीटर होते, म्हणजे एका एकराला तीन तास. बसून चालवायच्या १०७ सेंमीच्या मॉवरने तासाला ५ किमी वेगात हेच काम तासाभरात उरकते. वळणे आणि झाडांभोवतीचे फेरे धरून त्यात चौथाई वेळ वाढवा. दुसऱ्या फेऱ्याला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. तरीही पोती भरण्याशी याची तुलनाच नको.

एक गोष्ट मात्र पाळावीच लागते. सगळी पाने गळेपर्यंत थांबू नका. भर पानगळीत दर ४-५ दिवसांनी, एरवी आठवड्याला एकदा मॉवर फिरवा. थर ५ सेंमीपर्यंत असेल तर कोणताही चांगला मॉवर तो पेलतो. त्याहून जाड थर दोन-तीन फेऱ्यांत बारीक होतो खरा, पण छोटे इंजिन गुदमरते. काम झाल्यावर उभे राहून खाली पाहा. निम्म्याहून जास्त गवत दिसायला हवे. चुराच चुरा दिसत असेल तर तेवढा भाग पिशवी लावून उचला.

चुरा कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतले नत्र वापरतात, म्हणून गवत अजून हिरवे आणि वाढते असेल तर चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र द्या. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे चौरस मीटरला साधारण ११ ग्रॅम आणि पूर्ण एकराला ४४ किलो. गवताची पाती कोरडी असताना युरिया पसरा आणि लगेच पाणी द्या. या हंगामात खत आधीच दिले असेल, जमीन गोठली असेल किंवा गवत सुप्तावस्थेत गेले असेल तर देऊ नका. वापरले न गेलेले नत्र पावसाबरोबर वाहून जाते.

प्रश्न : मॉवरने पाने कापायला गेलो की मशीन अडकते आणि मागे ओले गोळे पडतात. मॉवर कमी ताकदीचा आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा दोष ओलीचा असतो, ताकदीचा नाही. ओले पान कापले जाण्याऐवजी डेकच्या आतल्या बाजूला चिकटते. तिथे थर साचला की हवा फिरायची जागा कमी होते, पाने वर उडत नाहीत आणि लगदा होऊन खाली पडतो. सकाळचे दव पूर्ण वाळू द्या. पाऊस झाला असेल तर एक कोरडा, वाऱ्याचा दिवस जाऊ द्या. मुठीत चुरगळल्यावर पान कुरकुरले पाहिजे.

डेक खरवडायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढा, बॅटरीचा मॉवर असेल तर बॅटरी. पेट्रोलचा मॉवर कलता करताना एअर फिल्टरची बाजू वर राहील असा कलवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरते आणि पुढच्या वेळी इंजिन पांढरा धूर सोडते किंवा सुरूच होत नाही. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा.

अगदी कोरड्या पानांचा त्रास वेगळा. धुरळा खूप उडतो. एअर फिल्टर दर वेळी झटका, इंजिनच्या थंडाव्याच्या जाळीवर साचलेला भुसा काढा. सायलेन्सरभोवती कोरडा पाचोळा अडकला तर तो पेटू शकतो, म्हणून इंजिन थंड होईपर्यंत मॉवर छपराखाली नेऊ नका. नाकाला मास्क हवाच, पाचोळ्याच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात.

प्रश्न : काही झाडांखाली घोट्यापर्यंत पाने साचतात. तिथे ब्लोअर (हवेच्या झोताने पाने ढकलणारे यंत्र) लावतो, पण पाने पुढे जाण्याऐवजी चहूकडे उडतात.

उत्तर : एवढा थर हलवावाच लागतो, हे बरोबर. ब्लोअरची नळी जमिनीशी जवळजवळ समांतर धरा. तिरपी धरली की हवा जमिनीवर आपटून वर येते आणि पाने कारंज्यासारखी उडतात. नळी डावी-उजवी सावकाश झुलवत वाऱ्याच्या दिशेने पुढे सरका. पूर्ण वेग फक्त चिकटलेल्या पानांसाठी, एरवी निम्मा पुरतो.

ढीग कुठे करायचा हे आधी ठरवा. मोठ्या लॉनवर सगळी पाने एका कोपऱ्यात नेण्याचा हट्ट धरू नये. जितके लांब ढकलाल तितकी पानांची लाट जड होते आणि शेवटच्या दहा मीटरला पहिल्या चाळिसाइतके कष्ट पडतात. त्याऐवजी दर १५-२० मीटरवर आडव्या रांगा करा. जिथे ढीग हवा तिथे ३ मीटर बाय ३ मीटरची ताडपत्री आधी अंथरा, वाऱ्याकडच्या कडेवर दोन-तीन दगड ठेवा आणि पाने थेट तिच्यावर घाला. चारही कोपरे एकत्र धरून ओढत न्या. गवतावरून ताडपत्री सहज घसरते, ढकलगाडीच्या आठ-दहा खेपा वाचतात. ओल्या पानांची ताडपत्री मात्र अर्धीच भरा, पूर्ण भरली तर एका माणसाला ओढवत नाही. टू-स्ट्रोक ब्लोअर असेल तर उत्पादकाने सांगितलेलेच मिश्रण वापरा. ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलि तेल. कानांवर संरक्षण हवेच.

प्रश्न : मागे ओढून न्यायचा लॉन स्वीपर (ब्रशने पाने झाडून गोळा करणारे यंत्र) घ्यावा का?

उत्तर : सपाट, मोकळी आणि कोरडी जागा असेल तर उपयोगी. ब्रशची उंची अशी लावा की केस गवतात सेंटीमीटरभरच शिरतील. जास्त खाली लावला तर गवत ओरबाडले जाते आणि चाके घसरतात. ओल्या पानांपुढे आणि उंचसखल जागेवर हे यंत्र हरते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यात रचलेला पानांचा ढीग अजून तसाच आहे. वरची पाने कोरडी, आतली चपट्या थप्पीसारखी चिकटलेली. कुजत का नाही?

उत्तर : तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. अख्खी पाने एकावर एक बसून पत्रावळीसारखी थप्पी झाली. तिच्यात ना पाणी शिरते ना हवा. शिवाय वाळक्या पानात कर्ब खूप आणि नत्र थोडे असते. कर्ब-नत्राचे प्रमाण अनेक पानांत ४०:१ ते ८०:१ असते, तर वेगाने कुजायला २५:१ ते ३०:१ लागते.

इथे दोन वाटा आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका. घाई नसेल तर लीफ मोल्ड, म्हणजे नुसत्या पानांचे सावकाश कुजवलेले खत, करा. हे काम बुरशी ढीग न तापवताच करते, नत्र लागत नाही, फक्त ओल लागते. ४ मीटर लांब आणि १ मीटर उंच तारेची जाळी गोल करून बांधा. सव्वा मीटर व्यासाचा पिंजरा होतो आणि त्यात एक घनमीटरहून थोडी जास्त पाने मावतात. पाने आधी मॉवरखाली घालून बारीक करा, थराथराला पाणी मारा, वरून तुडवू नका. कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा पाणी. चुरा केला असेल तर वर्षभरात, अख्ख्या पानांना दोन वर्षे किंवा जास्त. ढीग एक-तृतीयांशावर येतो. तयार झालेले काळे, भुसभुशीत, जंगलातल्या मातीच्या वासाचे असते. त्यात पोषण फार नसते, पण ते पाणी धरून ठेवते आणि चिकणमाती मोकळी करते. ते हिरवळीवर पातळ भुरभुरा किंवा वाफ्यात घाला.

घाई असेल तर कंपोस्ट. मापाने तीन भाग चुरा आणि एक भाग ताजे कापलेले गवत मिसळा, नुसते थर लावू नका, कारण ताजे गवत एकत्र पडले की कुबट वासाचा चिखल होतो. ढीग लांबी, रुंदी, उंचीला किमान एक मीटर हवा, त्याहून लहान असला तर उष्णता टिकत नाही. मूठभर माल पिळल्यावर एक-दोन थेंबच पडावेत. काही दिवसांत मध्यभाग ५५ ते ६० अंश सेल्सिअसला पोचतो. ४० च्या खाली उतरला की उलथा. अशा तीन-चार उलथण्यांनंतर तीन ते सहा महिन्यांत खत तयार होते. तुमचा जुना ढीग फोडून, मॉवरखालून काढून याच पद्धतीने पुन्हा रचा. वाया काहीच गेलेले नाही.

प्रश्न : ओकच्या पानांनी जमीन आम्लधर्मी होते म्हणतात. अक्रोडाची पाने तर विषारीच ना?

उत्तर : ताजे ओकचे पान आम्लधर्मी असते, पण कुजताना सामू वर चढत उदासीनाच्या जवळ येतो. हिरवळीवरच्या चुऱ्याने मातीचा सामू बदलेल ही भीती बाळगू नका. काळ्या अक्रोडाच्या पानांतला जुग्लोन नावाचा पदार्थ टोमॅटोसारख्या पिकांना खरोखर मारक आहे. हवा, पाणी आणि जिवाणू यांच्या संपर्कात तो काही आठवड्यांत मोडतो, म्हणून ही पाने पूर्ण कुजवूनच वापरा, ताजी वाफ्यात घालू नका. पाइनच्या सुया आणि मॅग्नोलियाची चामड्यासारखी पाने बारीक व्हायला आणि कुजायला कठीण. ती झुडपांच्या बुंध्याशी ५-८ सेंमी आच्छादनाला वापरा, खोडापासून १०-१५ सेंमी जागा मोकळी सोडून. सगळीच पाने हलवायला हवीत असे नाही, हेही सुचवेन. कुंपणाच्या झुडपांखालचा पाचोळा तसाच राहू द्या. फुलपाखरांचे कोष, कोळी, भुंगेरे थंडी तिथेच काढतात.

प्रश्न : सफरचंदाच्या झाडाच्या पानांवर काळपट डाग आहेत. तीही चुरून टाकू?

उत्तर : त्या झाडाखालची नको. असे डाग पाडणाऱ्या खवल्या रोगाची बुरशी गळलेल्या पानांतच थंडी काढते आणि वसंतात तिथून बीजाणू पुन्हा कोवळ्या पालवीवर जातात. गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांचेही तसेच. ती पाने वेचून गरम कंपोस्टच्या मधोमध घाला किंवा आवाराबाहेर द्या. जाळू नका. ओलसर पाचोळा धुमसतो, त्याच्या धुरात सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. रस्त्याच्या नाल्यातही लोटू नका. तोंडे तुंबतात आणि पानांतले स्फुरद पाण्यात उतरून तळ्यात शेवाळ माजवते.

प्रश्न : गेल्या वर्षी पाने पडू दिली. आता हिरवळीवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. गवत मेले का?

उत्तर : पाने काढून डागातले एक रोप मुळापर्यंत उपटा. मातीलगतचा बुडखा पांढरा आणि घट्ट असेल तर ते जिवंत आहे. दाताळ्याने हलके विंचरून गवत उभे करा, उजेड आणि हवा मिळाली की ते सावरते. बुडखा तपकिरी, मऊ असेल तर मृत भाग खरवडून काढा, सेंटीमीटरभर माती सैल करा आणि पुन्हा बी पेरा. राय गवत ५ ते १० दिवसांत उगवते, केंटकी ब्लूग्रासला १४ ते ३० दिवस लागतात. नव्या रोपांवर पाने पडू लागली तर दोन दिवसांहून जास्त राहू देऊ नका, पण दाताळेही लावू नका, कोवळी मुळे उपटली जातात. ब्लोअर कमी वेगात, दुरून.

प्रश्न : काही तरुण ओक आणि बीच पाने गाळतच नाहीत, वाळकी तशीच लटकत राहतात. ती ओढून काढावीत का?

उत्तर : नाही. या झाडांत पानाच्या देठाचा सांधा वसंतापर्यंत पूर्ण सुटत नाही. झाड निरोगी आहे. पाने थोडी थोडी पडत राहतील. हिरवळीची वाढ पुन्हा सुरू झाली की पहिल्याच कापणीत ती गवताबरोबर चुरली जातील. त्या वेळी मॉवरची उंची मात्र लगेच खाली घेऊ नका.